करंगळीची साक्ष

लेक टॉवर, खोली ३०४
सोमवार, ३ ऑक्टोबर १९९४

हिल्माताई,

तुझं पत्र आणि थिंबलबेरीच्या मुरांब्याची बरणी, दोन्ही धड पोचली. पुढच्या वेळी बरणीला वर्तमानपत्राचे तीन थर दे. दोन पुरत नाहीत.

आता बातमी. शुक्रवारी दाराखालून एक कागद आत सरकला. खाली सही नव्या व्यवस्थापिकेची, मिस बकलीची. म्हणे इमारतीत कुठलंही शस्त्र ठेवायचं नाही. ज्याच्याकडे असेल त्यानं तीस दिवसांत हलवावं, नाहीतर भाडेकरार रद्द. शस्त्र म्हणे. माझ्याकडे आहे ती बाबांची रायफल. कपाटात, कोटांच्या मागे, कुलूप लावलेली. तिच्यासमोर ऐनोचा हिरवा कोट अजून तसाच टांगलेला आहे. बायको जाऊन तीन वर्षं झाली तरी तो कोट कुणाला द्यायला हात उठत नाही.

तीस दिवस म्हणजे ३० ऑक्टोबर. हरणांचा हंगाम उघडतो १५ नोव्हेंबरला. कागद लिहिणाऱ्याला तारखांचं भान नाही, की चांगलंच आहे, ते अजून ठरवता येत नाही.

गंमत नाही ही. बॉयलरच्या शिडीवरून पडून कंबर मोडली, त्यानंतर ही सरकारी खोली मिळायला मला एक वर्ष दोन महिने रांगेत थांबावं लागलं. ही गेली तर दुसरी नाही. आणि रायफल गेली तर आपल्या दोघांच्या बापांनी जंगलात बांधलेल्या त्या खोपटात मी कुठल्या तोंडानं जाऊ? १९३१पासून एकही वर्ष भिंत कोरी गेलेली नाही. दर पंधरा नोव्हेंबरला पेन्सिलीनं एक ओळ: हवा कशी, कोण आलं, करंगळी कोणाची.

बाबांचा नियम तुला माहीतच आहे. रायफल कुठल्याही उंबऱ्यातून आतबाहेर करायची तर आधी मालकाखेरीज दुसऱ्या कुणीतरी तिच्या गोळी बसते त्या पोकळीत करंगळी घालून बघायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, 'रिकामी.' डोळा फसतो, करंगळी फसत नाही. बावीस वर्षं ती करंगळी ऐनोची होती. आता मी एकटाच. स्वतःची घालतो, पण ती नियमात बसत नाही. म्हणून भिंतीवर तीन वर्षं ती जागा मी मोकळी सोडली आहे. खोटं लिहायचं नाही.

मी भाडेकरार वाचायला घेतला आहे. सहा पानं, बारीक अक्षर.

तुझा
रेइनो

•

टॅमरॅक रोड
९ ऑक्टोबर, रविवार

रेइनो,

तू भाडेकरार वाचायला घेतलास याचं नवल वाटलं नाही. लहानपणी तू बिस्किटाच्या डब्यावरचं सगळं वाचल्याशिवाय बिस्किट खायचा नाहीस, आणि तोवर ते आम्ही संपवलेलं असायचं.

रायफल माझ्याकडे आणून ठेव. ओन्नी गेला, त्याचे बूट गेले, तेव्हापासून पलंगाखाली जागाच जागा आहे. तुझी खोली उबदार आहे. खिडकीतून सरोवर दिसतं, तळघरात सौना आहे, शनिवारी पाठ शेकायला मिळते. कंबरेत पोलाद बसवलेल्या माणसानं तीन किलो लोखंडासाठी रस्त्यावर यावं, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

इथं सकाळी धुकं एवढं उतरतं की कुंपण दिसत नाही, नुसता त्याचा आवाज येतो. त्या धुक्यातून एक हरिणी येते आणि खिडकीखालची पडलेली सफरचंदं खाते. मी आत कॉफी पिते, ती बाहेर. दोघींचंही एकमेकींकडे लक्ष नसतं. परवा स्वप्नात बघितलं की आपलं खोपट सरोवरावर तरंगत चाललंय. चूल पेटलेली, दार उघडं, आणि भिंतीवरची पेन्सिलीची अक्षरं मुंग्यांसारखी एकेक करून पाण्याकडे निघालीत. मी काठावर उभी राहून त्यांना नावानं हाका मारत होते.

हे तुला सांगायला नको होतं. तू आता अक्षरं मोजशील.

तक्रार कुणी केली, कळलं का?

हिल्मा

•

लेक टॉवर, ३०४
१८ ऑक्टोबर

हिल्माताई,

पलंगाखालच्या जागेबद्दल आभार. पण मुद्दा जागेचा नाही.

पान चार, कलम अकरा: करारात बदल करायचा तर आधी भाडेकरूंना लेखी कळवायचं, त्यांचं म्हणणं ऐकायला तीस दिवस द्यायचे, मग ठरवायचं. यांनी आधी ठरवलं आणि मग कळवलं. पान पाच, कलम चौदा: भाडेकरूला सुनावणी मागता येते, आणि सुनावणी होईपर्यंत त्याला हात लावता येत नाही. मी मागितली. एक नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी दहा. ग्रंथालयात बसून राज्याचा कायदाही काढला. तिथली बाई म्हणाली, "वकील आहात का?" म्हटलं, "नाही, बॉयलरवाला. पण बॉयलरचंही पुस्तक मी स्वतःच वाचलं होतं."

माझं म्हणणं एवढंच. भाडं सरकारला देतो म्हणून माझं दार कमी दार होत नाही. टेकडीवरच्या बंगल्यातल्या डॉक्टरकडे सहा बंदुका आहेत. त्याच्या दाराखालून कुणी कागद सरकवत नाही.

शनिवारी सौनात पहिल्या मजल्यावरचा टेउव्हो तापलेल्या दगडांवर पाणी टाकत म्हणाला, "तक्रार दुसऱ्या मजल्यावरून गेलीय म्हणतात."

"दुसऱ्या मजल्यावर कोण आहे तसं?"

"तुझ्या बरोबर खाली. दोनशेचार. ती लेम्पीबाई. डेट्रॉइटला आयुष्य काढून दोन वर्षांपूर्वी परत आलेली."

"ती माझ्याशी बोलतसुद्धा नाही."

"तू बोलू देतोस का कुणाला," टेउव्हो म्हणाला. मग वाफेनं दोघांची तोंडं बंद झाली.

मला आता सगळं जुळतं आहे. गेल्या वर्षी हंगामाच्या आदल्या दिवशी मी रायफल घेऊन खाली चाललो होतो. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, समोर ही बाई. मी टोपी काढली, दार धरून ठेवलं, 'या' म्हटलं. ती माझ्याकडे न बघता मागे वळली, जणू काही विसरलं होतं. तेव्हापासून ती जिन्यानं जाते, गुडघे दुखत असताना. शिवाय दिवसभर खिडकीत बसलेली असते. कोण आलं, कोण गेलं. असली माणसं प्रत्येक इमारतीत असतात.

सुनावणीला तीही येणार आहे.

रेइनो

•

टॅमरॅक रोड
२५ ऑक्टोबर

रेइनो,

लेम्पी तिथं राहते हे मला माहीत नव्हतं. आम्ही एका वर्गात होतो, ऑगस्टमध्ये बरोबरच बेऱ्या वेचायचो. माझ्या बादलीत पानं असायची, तिच्यात एक पान सापडायचं नाही.

तिला काही बोलू नकोस. सुनावणीत आवाज चढवू नकोस. बाकीचं तू इकडे आलास की सांगेन. काही गोष्टी टपालानं पाठवल्या तर वाटेत थंडावतात. काहींना उलट धार येते.

काल पहिला बर्फ पडला आणि दुपारपर्यंत गेला. हरिणी आली नाही.

हिल्मा

•

लेक टॉवर, ३०४
बुधवार, २ नोव्हेंबर

हिल्माताई,

जिंकलो. आणि हरलो. क्रमानं सांगतो.

खाली जेवणघरात लांब टेबल लावलं होतं. ऐकून घेणारा माणूस म्हणजे निवृत्त शाळामास्तर, हॅनिगन नावाचा. दोन्ही बाजूंना चालणारा म्हणून त्याला बोलावलेलं. मिस बकलीच्या पुढ्यात फाइल. वय असेल अठ्ठावीस. भाडेकरू चौदा. लेम्पीबाई मागच्या रांगेत, कोट न काढता.

मिस बकली म्हणाली, "मिस्टर कांगास, आमचा हेतू सगळ्यांच्या सुरक्षिततेचा आहे."

मी म्हटलं, "असेल. पण हेतूवर भाडेकरूची सही नसते. सही कलम अकरावर आहे."

मास्तर हसला. मग मी वाचलं. बावीस मिनिटं. टेउव्होच्या मते चाळीस. शेवटी मास्तरनं विचारलं, आणखी कुणाला काही सांगायचं आहे का. लेम्पीबाई उठली. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मला एवढंच..." मी मान वळवून तिच्याकडे बघितलं. ती पुन्हा खाली बसली.

निकाल असा. खोलीच्या आतली जागा, म्हणजे माझ्या चार भिंती, हे माझं घर. तिथं रायफल ठेवायचा मला हक्क आहे, गोळ्या काढून, कुलूप लावून. टाळ्या झाल्या. पुढचं वाक्य टाळ्यांत बुडालं, ते मी नंतर कागदावर वाचलं. इमारतीच्या आतल्या सामाईक जागांत, म्हणजे व्हरांडा, लिफ्ट, जिना, दिवाणखाना, धुलाईची खोली आणि सौना, शस्त्र कुठल्याही कारणानं नेता येणार नाही. गवसणीत घालूनही नाही. मोडलं तर करार रद्द.

लिफ्टमध्ये तीन नंबरचं बटण दाबलं आणि डोक्यात उजेड पडला. रायफल माझ्या घरात राहू शकते, पण माझ्या घरातून बाहेर पडू शकत नाही. तिला जन्मठेप झाली आहे. मिस बकलीकडे गेलो. म्हणाली, अपवाद मागायचा तर अर्ज करा, मंडळाची बैठक डिसेंबरात आहे. शहाणी माणसं नियम करतात आणि दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघत नाहीत.

पण मीही बघायला शिकलेला माणूस आहे. माझी खिडकी मागच्या गल्लीवर उघडते. नगरपालिकेत जाऊन नकाशा काढला. गल्ली थेट भिंतीच्या पायापर्यंत नगरपालिकेची आहे, गृहमंडळाची नाही. आणि खिडकीबाहेरची हवा कलमात नाही. १४ तारखेला सकाळी नऊ वाजता रायफल दोरीनं खाली सोडणार. खाली टेउव्हो गाडी घेऊन उभा. सुती दोरी, दोन गाठी, एक दस्त्याला, एक नळीला. एकतीस फूट. मी मोजलं.

दोनशेचारच्या खिडकीसमोरून जाईल. बघू दे बाईंना.

रेइनो

•

टॅमरॅक रोड
६ नोव्हेंबर, रविवार

रेइनो,

मी चुकले. आधीच लिहायला हवं होतं.

तुझं अठराचं पत्र आलं त्याच दिवशी मी लेम्पीलाही लिहिलं होतं. तिचं उत्तर काल आलं. खाली बस आणि वाच, आणि या वेळी तळटीप शोधू नकोस.

तिला एक भाऊ होता, पाव्हो. तू दहा वर्षांचा होतास, तुला आठवत असेल तर एवढंच, की तो छान शीळ घालायचा. १९५०, नोव्हेंबरची चौदा तारीख. त्यांच्या स्वयंपाकघरात तो हंगामासाठी रायफल पुसत बसला होता. लेम्पी चुलीपाशी कॉफी ओतत होती. त्यानं विचारलं, "अगं, बघ जरा, रिकामी आहे ना?" तिनं कॉफीचं भांडं हातात धरूनच वाकून बघितलं आणि म्हणाली, "रिकामी आहे."

तुम्हा पोरांना सांगितलं की तो खाणीवर कामाला दूर गेला. त्या हिवाळ्यात लेम्पी डेट्रॉइटला गेली आणि चाळीस वर्षं आली नाही. तिच्या घरी सगळ्यांत आधी तुझे बाबा पोचले होते. त्यांनी तिथं काय बघितलं ते कधी बोलले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी करंगळीचा नियम केला. तुला वाटतं तो १९३१चा. तू खोपटात पहिल्यांदा गेलास बावन्न साली, तेव्हा तो लागू झालेला होता. आता जाशील तेव्हा भिंत नीट वाच.

लेम्पी मिस बकलीकडे गेली होती, खरं. तिनं कुणाचं नाव घेतलं नाही. रायफल काढून टाका असंही म्हटलं नाही. म्हणाली, ज्यांची आहे त्यांची असू दे, फक्त लिफ्टचं दार उघडलं की ती समोर येऊ नये. एवढंच. त्या बकली पोरीला इथल्या नोव्हेंबरची काय कल्पना. तिनं त्याचं आख्खं फर्मान केलं. सुनावणीत लेम्पी तेच सांगायला उठली होती, की तिला एवढं मोठं काही नको होतं. मग तू तिच्याकडे बघितलंस.

ज्या वाक्याला तू दार न बघता केलेला नियम म्हणतोस, रेइनो, ते एकच वाक्य तिनं मागितलं होतं. आणि तू रायफल तिच्या खिडकीसमोरून सोडायचं ठरवलंयस, नेमकी चौदा तारखेला.

मी रागावलेली नाही. हरिणी परत आली. या वेळी पाडस बरोबर होतं.

हिल्मा

•

खोपट
मंगळवार, १५ नोव्हेंबर १९९४, दुपार

हिल्माताई,

चूल पेटली आहे. टेउव्हो बाहेर लाकडं फोडतोय आणि मी काही करत नाही म्हणून बडबडतोय. बर्फ सरळ पडतो आहे, वारा अजिबात नाही. झाडं एवढी शांत आहेत की वाटतं कुणीतरी त्यांना गोष्ट सांगतंय. एक शिंगाळं हरण ओढ्यापलीकडून गेलं. मी बघत बसलो. रायफल उचलायचं डोक्यात आलं तेव्हा ते नव्हतं.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. सुनावणीत मी तिच्याकडे कसं बघितलं ते मला माहीत आहे. ते लिहीत नाही.

गुरुवारी बेकरीतून वेलदोड्याच्या गोड पावाची वेणी घेतली आणि दोनशेचारचं दार वाजवलं. तिनं साखळी न काढता फटीतून बघितलं.

म्हटलं, "लेम्पीबाई, हिल्मानं मला लिहिलं. रायफल यंदा कपाटातच राहील. एवढंच सांगायला आलो."

ती पावाकडे बघत राहिली. म्हणाली, "बेकरीचा आहे. वेलदोडा कमी घालतात." मग साखळी काढली.

कॉफी झाली. तिनं पाव्होबद्दल काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. खिडकीत तिची खुर्ची आहे. त्यात बसलो तेव्हा कळलं, तिथून ना दरवाजा दिसतो ना रस्ता. गल्लीच्या वर फक्त सरोवराची पट्टी दिसते आणि त्यावर धुकं. दोन वर्षं ती कुणावर पाळत ठेवत नव्हती. धुकं बघत होती.

निघताना तिनं विचारलं, "तुमच्या बाबांचा तो नियम. अजून पाळता?"

"पाळायला दुसरं माणूस नाही."

बराच वेळ ती टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा करत होती. मग म्हणाली, "व्हरांड्यातून माझ्या दाराशी आणू नका. ते मला जमणार नाही. पण तुम्ही दोरी मोजलीय म्हणे. एकतीस फूट. मधे थांबवता येईल का?"

"किती फुटांवर?"

"माझ्या खिडकीच्या चौकटीला. चौदालाच. सकाळी."

"चालेल तुम्हाला?"

"नाही चालणार," ती म्हणाली. "पण थांबवा."

काल सकाळी नऊच्या आधीच मी गोळ्या टेउव्होच्या गाडीत पोचवल्या. तोही माझा हट्ट. रायफलचा खालचा दांडा, ज्यानं गोळीची पोकळी उघडते, तो ओढून ठेवला, पोकळी मोकळी ठेवली, आणि बाकी सगळी ऐनोच्या हिरव्या कोटात गुंडाळली. पातळ बर्फ पडत होता. मी खिडकीतून दोरी सोडली. नऊ फुटांवर, जिथं मी खडूनं खूण केली होती, तिथं थांबलो. खाली मिस बकली कॉफीचा पेला घेऊन गल्लीत आली होती. वर बघितलं, भिंतीच्या पायाकडे बघितलं. टेउव्होला विचारलं, "गल्ली नगरपालिकेची ना?" तो म्हणाला, "पायापर्यंत." ती म्हणाली, "मग मी इथं पाहुणीच आहे," आणि तिथंच उभी राहिली.

वरून मला लेम्पीबाई दिसत नव्हती. फक्त खालची काच वर सरकल्याचा आवाज आला आणि एक हात बाहेर आला. हिरवा कोट हळूहळू स्वतःभोवती फिरत होता. हातानं त्याला थोपवलं, जसं आपण पाळण्याला थोपवतो. बर्फ त्या हातावर पडत होता आणि लगेच विरघळत नव्हता, इतका तो गार असावा. मग करंगळी आत गेली.

ताई, मी वेळ मोजली नाही. आयुष्यात पहिल्यांदा. दोरी माझ्या हातात होती आणि दोरीतून एक बारीक थरथर वर येत होती, मासा आमिषाला नुसता शिवून जातो तशी. टेउव्होनं टोपी काढली. मला वाटलं, ती आता हात मागे घेईल आणि काच खाली येईल, आणि तसं झालं असतं तर मी दोरी वर ओढून घेतली असती. पुन्हा कधी सोडली नसती.

ती म्हणाली, "रिकामी." पण ते स्वतःशी.

मग थांबली. करंगळी आतच होती. आणि दुसऱ्यांदा म्हणाली, मोठ्यानं, नियमाप्रमाणे, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं: "रिकामी आहे."

हात आत गेला. मी दोरी सोडत गेलो. टेउव्होनं कोट दोन्ही हातांवर झेलला. काच बंद झाली नाही. मी काठी घेऊन जिन्यानं उतरलो तेव्हा ती दुसऱ्या मजल्यावर लिफ्टपाशी उभी होती, कोट घालून, हातात पिशवी. म्हणाली, "वेलदोडे आणायला चाललेय." आणि लिफ्टचं बटण दाबलं.

एक डिसेंबरला रायफल त्याच वाटेनं परत वर जाईल. कलमात बसतं. ती म्हणाली, मी असेन.

इथं आल्यावर बॅटरी घेऊन भिंत वाचली. तू म्हणालीस ते खरं. १९३१ ते १९४९ प्रत्येक ओळीत हवा आणि माणसं, एवढंच. १९५०ला बाबांचं अक्षर आहे, पण फक्त साल. पुढे काही नाही. करंगळी एक्कावन्नपासून. बेचाळीस वर्षं मी या भिंतीसमोर उभा राहिलो, आणि तपशिलाचा म्हणवणारा माणूस, हे मला दिसलं नाही.

माझ्या तीन मोकळ्या जागा मी तशाच ठेवल्या. त्यांच्याखाली आत्ताच लिहिलं. पेन्सिल बोथट होती, म्हणून दोनदा गिरवलं:

१९९४. बर्फ, वारा नाही. रेइनो, टेउव्हो. करंगळी: लेम्पी.

रेइनो